रास्पबेरी पाय ४ (२ जीबी) : कर्नलचं पहिलं अक्षर बघण्यासाठी घेतलेला बोर्ड

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बोटीवरचे फिश फाइंडर, जीपीएस, व्हीएचएफ सेट, बॅटरी चार्जर, सगळं माझ्याकडे येतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारून वर ओढलेल्या असतात, आणि दुकानात एरवी न मिळणारी गोष्ट मिळते, ती म्हणजे सलग वेळ. गेल्या बंदीत मी रास्पबेरी पाय ४ चा, म्हणजे एका पाटीवरच्या छोट्या संगणकाचा, २ जीबी मेमरीचा बोर्ड मागवला. त्यावर तयार लिनक्स चालवायचं नव्हतं. स्वतःचा छोटा कर्नल, म्हणजे यंत्र चालू झाल्यावर त्याचा ताबा घेणारा मूळ प्रोग्राम, लिहायचा होता. या कामासाठी बोर्ड कसा आहे, एवढंच इथे सांगतो. सिनेमे बघायला किंवा घरचा सर्व्हर करायला तो कसा आहे हे सांगणारे पुष्कळ जण आहेत.

कारण असं घडलं. एका तांडेलानं, म्हणजे बोटीच्या प्रमुखानं, विचारलं, “मेस्त्री, जाळं जिथं अडकलं ती जागा आपोआप लिहून ठेवणारी पेटी करता येईल काय?” जीपीएस आणि इको साउंडर दोन्ही नेमा ०१८३ या बोटीवरच्या यंत्रांच्या ठरलेल्या भाषेत ओळी बाहेर टाकतात, ४८०० बॉडच्या वेगानं. त्या नुसत्या साठवायच्या. मी आधी लिनक्सवर करून बघितलं. टेबलावर उत्तम चाललं, बोटीवर नाही. इंजिनाचा स्टार्टर मारला की बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, पेटी पुन्हा पहिल्यापासून चालू होते, आणि ती उभी राहीपर्यंत अर्धं मिनिट जातं. मला दोन सेकंदांत जागी होणारी पेटी हवी होती. साधा मायक्रोकंट्रोलर पुरला असता, हे मला माहीत आहे. पण रोज ज्या यंत्रांच्या पोटात हात घालतो, ती चालू होताना पहिल्या क्षणी नेमकं काय करतात हे एकदा स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं. वीस-बावीस वर्षं ही इच्छा मनात होती.

मी घेतला तेव्हा बोर्डाची किंमत चार हजारांच्या आसपास होती. सोबत ५ व्होल्ट ३ अँपिअरचा यूएसबी-सी अडॅप्टर, मायक्रोएसडी कार्ड आणि यूएसबी-टू-सिरीयल मॉड्यूल घ्यावंच लागतं. मॉड्यूलबद्दल आधीच सांगतो, कारण तिथे बोर्ड जाऊ शकतो. बोर्डाच्या जीपीआयओ पिना, म्हणजे बाहेरच्या तारा जोडायच्या पिना, ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाही. माझ्याकडे आलेल्या पहिल्या मॉड्यूलच्या पाकिटावर ३.३ लिहिलं होतं, पण जोडण्याआधी सवयीनं मीटर लावला तर टीएक्सवर (पाठवायच्या पिनेवर) ४.९ दिसले. ते परत केलं आणि जंपर टाकून व्होल्टेज निवडता येणारं दुसरं मागवलं. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका, मीटर लावा. जोडणी सोपी आहे: ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ नंबर बोर्डाचा टीएक्स, १० नंबर आरएक्स (घ्यायची पिन), आणि टीएक्स समोरच्या आरएक्सला.

या बोर्डाची सुरुवात मला फार आवडली. चिपमधला रॉम आधी जागा होतो, तो बोर्डावरच्या ईईप्रॉममधला बूटलोडर उचलतो, बूटलोडर कार्डावरची फर्मवेअर फाइल उचलतो, आणि फर्मवेअर तुमची कर्नलची फाइल मेमरीत हेक्स (सोळा आधाराच्या अंकपद्धतीत) ८०००० या पत्त्यावर ठेवून प्रोसेसरला तिथे उडी मारायला लावतं. तिथून पुढे सगळं तुमच्या हातात. चार कोअरपैकी एकच तुमच्या कोडमध्ये येतो, बाकीचे तीन वाट बघत थांबतात. एमएमयू, म्हणजे पत्त्यांचं भाषांतर करणारा प्रोसेसरचा भाग, बंद असतो, म्हणजे तुम्ही लिहिलेला पत्ता हाच खरा पत्ता. तेव्हा सिरीयल पोर्टचा, म्हणजे पीएल०११ यूआर्टचा पत्ता माहीत असला की झालं. त्या पत्त्यावर एक बाइट लिहायचा, तो तारेतून बाहेर पडतो.

तो पत्ता शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. बीसीएम२७११ चिपच्या पुस्तिकेत उपकरणांचे पत्ते ७ईनं सुरू होतात, यूआर्टचा ७ई२०१०००. ते चिपच्या आतल्या बसचे, म्हणजे भागाभागांना जोडणाऱ्या वाटेचे, पत्ते आहेत. एआरएम प्रोसेसरला तोच यूआर्ट एफई२०१००० वर दिसतो. पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात हे नकाशा काढून समजावलेलं आहे. मी घाईघाईत थेट यूआर्टच्या प्रकरणावर गेलो होतो. यातली अडचण अशी की २ जीबीच्या बोर्डावर ७ई२०१००० ही जागा खरोखरच रॅममध्ये येते. म्हणजे मी लिहिलेला प्रत्येक बाइट मुकाट्यानं रॅममध्ये जाऊन बसत होता. कुठे फॉल्ट नाही, अडकणं नाही. तक्रार करणारं कोणीच नसल्यामुळे मी तारा बदलत बसलो, मॉड्यूल बदललं, सोल्डरिंग पुन्हा केलं.

पत्ता बदलला आणि पडद्यावर “श्री” उमटलं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर जे लिहितो तेच पहिल्यांदा लिहायचं ठरवलं होतं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मी बायकोला उठवून ते दाखवलं.

मग लगेच दुसरा शब्द लिहिला, “मिरकरवाडा”. पडद्यावर आलं “मिरकर” आणि पुढे एक चौकोन. याचं उत्तर सापडलं तेव्हा जीव सुखावला. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. “श्री” म्हणजे श, हलन्त, र आणि वेलांटी, असे १२ बाइट. यूआर्टच्या फिफोत (पाठवायच्या बाइटांच्या रांगेत) १६ मावतात, म्हणून जागा आहे की नाही हे न बघता ढकलले तरी ते नीट गेले. “मिरकरवाडा”चे होतात २७. पहिला बाइट बाहेर जायच्या रजिस्टरमध्ये उतरला, मागे १६ भरले, असे १७ गेले आणि उरलेले सांडले. १५ बाइटांत “मिरकर” पूर्ण होतं, उरलेल्या दोन बाइटांत “व” अर्धाच राहतो. तोच तो चौकोन. फ्लॅग रजिस्टरमधला पाचवा बिट बघून, फिफो भरलेला असेल तर थांबायचं, एवढी दुरुस्ती केली आणि वाडा आला.

इथवर बोर्डाला पूर्ण गुण. पत्ते निश्चित आहेत, पुस्तिका उघड मिळते, एक बाइट लिहिला तर एक बाइट बाहेर येतो. खरी परीक्षा एमएमयू चालू करताना आहे.

एमएमयू चालू केला की प्रोसेसर प्रत्येक पत्ता पेज टेबलमधून, म्हणजे कोणता पत्ता खरा कुठला या यादीतून, बघतो. टेबलमध्ये यूआर्टची नोंद नसेल तर एफई२०१००० हा नुसता आकडा उरतो, त्याच्यामागे काही नसतं. म्हणजे कर्नलमध्ये काय चुकतंय हे सांगणारी एकमेव वाट नेमकी ज्या क्षणी सगळ्यात जास्त हवी असते त्याच क्षणी बंद पडते. बोर्डावरचा हिरवा एलईडी ४२ नंबरच्या जीपीआयओवर आहे, तो लुकलुकवून बघू म्हटलं, तर तोही त्याच नोंदीच्या पलीकडे. आणि नवी नोंद करायची तर पेज टेबलला मेमरी हवी, मेमरी वाटणारा अलोकेटर अजून उभा राहिलेला नाही, आणि तो उभा राहताना चुकला तर ते कळायला यूआर्ट हवा.

मोठ्या लिनक्सनं हा पेच कसा सोडवला आहे ते मी शांतपणे वाचलं. त्यात फिक्समॅप नावाची सोय आहे. काही आभासी पत्ते कंपाइल करतानाच राखून ठेवलेले असतात, त्यांची पेज टेबलंही कर्नलच्या प्रतिमेतच असतात, त्यामुळे अलोकेटर नसतानाही उपकरणाची नोंद तिथे करता येते. अर्लीकॉन नावाचा सुरुवातीचा कन्सोल हेच वापरतो. अर्ली आयओरिमॅप त्याच जागेतून तात्पुरती नोंद देतं: सात खण, प्रत्येक २५६ केबीचा, काम झालं की परत करायचा. परत केला नाही तर कर्नल पुढे इशारा देतो. नेहमीचं आयओरिमॅप, जे हवी तेवढी जागा देतं, ते मेमरीची व्यवस्था उभी राहिल्यावरच येतं. धक्क्याला लागण्याआधी बोट नांगरावर थांबते, तशी ही सोय आहे. मला हे इतकं पटलं की माझ्या छोट्या कर्नलमध्ये तीच रीत ठेवली: एक टेबल, कर्नलच्याच पोटात, आधीपासून राखलेलं.

आणि इथे २ जीबीचा बोर्ड कामाला आला. मुद्दाम निवडला नव्हता, तेव्हा तोच मिळत होता, पण आता कोणी विचारलं तर मी तोच सांगेन. ३९ बिटांचे पत्ते घेतले तर पहिलं टेबल एका ४ केबीच्या पानात मावतं. त्यात ५१२ नोंदी, आणि प्रत्येक नोंद थेट १ जीबीचा तुकडा दाखवू शकते. २ जीबीच्या बोर्डात पहिल्या दोन नोंदी रॅमच्या, तिसरी रिकामी, चौथी पूर्ण उपकरणांची. तीन ओळींत नकाशा संपला. ४ जीबीच्या बोर्डात रॅम त्याच चौथ्या जीबीत शिरते, मग रॅम आणि उपकरणं वेगळी करायला २ एमबीचे तुकडे पाडावे लागतात. पाय ३ मध्ये रॅमच १ जीबी आहे आणि उपकरणं ३एफ००००००पासून, म्हणजे त्याच पहिल्या जीबीत, तिथेही हेच. अवघड नाही, पण पहिल्याच दिवशी नको.

आता माझी मोठी चूक. चौथी नोंद मी रॅमसारखीच केली, म्हणजे साधी, कॅश होणारी (प्रोसेसरजवळच्या छोट्या साठ्यात प्रत ठेवली जाणारी) मेमरी. माझी पुतणी इंजिनीअरिंगला आहे, तिच्या लॅपटॉपवर क्यूएमू, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, आहे. क्यूएमूच्या ९.० आवृत्तीपासून पाय ४ चं यंत्र त्यात मिळतं. तिथे माझा कर्नल सुरळीत चालला, सगळी अक्षरं आली. तोच कर्नल बोर्डावर टाकला तर एमएमयू चालू होईपर्यंतचं छापलं गेलं आणि पुढे सगळं कोरं. तीन दिवस मी टेबलमधला एकेक बिट तपासला. दहावा बिट, म्हणजे ॲक्सेस फ्लॅग, विसरला असेन म्हणून बघितलं, तो होता. शेवटी पुतणीनं विचारलं, “काका, तुम्ही यूआर्ट कॅशमधून तर नाही ना लिहीत?”

तेच होतं. क्यूएमू कॅशची नक्कल करत नाही, म्हणून तिथे ही चूक दिसतच नाही. खऱ्या चिपवर माझी अक्षरं कॅशमध्ये जाऊन बसली होती, यूआर्टपर्यंत पोचलीच नव्हती. फ्लॅग रजिस्टर वाचलं तरी जुनीच प्रत मिळत असणार. एआरएममध्ये मेमरीचा प्रकार एमएआयआर रजिस्टरमध्ये ठरतो: साध्या रॅमला हेक्स एफएफ, सगळ्यात कडक डिव्हाइस मेमरीला ००. त्या कडक प्रकाराचे तीन नियम आहेत, आणि ते मला आमच्या बंदरावरच्या लिलावावरून समजले. दोन बोल्या एकत्र करून एक ऐकायची नाही. बोल्यांचा क्रम बदलायचा नाही. आणि निरोप्या अर्ध्या वाटेवर असताना “पोचला” असं कोणी सांगायचं नाही, खरा पोचल्यावरच सांगायचं. दुकानातल्या उधारीच्या वहीला यातलं काही लागत नाही, चार नोंदी संध्याकाळी एकदम केल्या तरी हिशोब तोच. रॅम म्हणजे वही, यूआर्ट म्हणजे लिलाव. नोंदीतला प्रकाराचा आकडा बदलला, बोर्डाला पुन्हा वीज दिली, आणि पूर्ण “मिरकरवाडा” एमएमयूच्या पलीकडून आला.

म्हणून सांगतो, हे शिकायचं असेल तर नुसत्या क्यूएमूवर समाधान मानू नका. तो घ्याच, फुकट आहे, कार्ड काढ-घाल वाचते. पण उपकरणाची मेमरी आणि रॅम यांतला फरक खरा बोर्डच शिकवतो.

त्यानंतर कर्नल वरच्या पत्त्यांवर नेला. तिथे टीटीबीआर१ या वरच्या पत्त्यांसाठीच्या रजिस्टरचं टेबल लागतं, आणि माझ्या मांडणीत तोच यूआर्ट एफएफएफएफएफएफ८०एफई२०१००० वर दिसतो. खालची नोंद काढून टाकली आणि पुन्हा मुकं. छापण्याच्या फंक्शनमधला पत्ता मी बदलला होता. एक्सेप्शन, म्हणजे प्रोसेसरनं पकडलेली चूक, आल्यावर जे फंक्शन छापतं त्यात मात्र जुनाच राहिला होता. म्हणजे फॉल्ट आला की तो सांगायला जाताना दुसरा फॉल्ट, तो सांगायला जाताना तिसरा, आणि बाहेर एक अक्षर नाही. तेव्हापासून यूआर्टचा पत्ता एकाच जागी ठेवतो, आणि प्रत्येक टप्प्याला एक अक्षर छापतो: क म्हणजे टेबल तयार, ख म्हणजे एमएमयू चालू, ग म्हणजे वर उडी मारली, घ म्हणजे खालची नोंद काढली. ग आला आणि घ नाही, तर कुठे बघायचं ते कळतं.

बोर्डाच्या बाकी बाबी थोडक्यात. प्रोसेसर तापतो, आमच्या दमट हवेत ॲल्युमिनिअमची पेटी घ्या. खाऱ्या वाऱ्यानं दोन महिन्यांत हेडरच्या पिनांवर हिरवट थर आला. इथे प्रत्येक उघड्या पितळेचं हेच होतं, कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसून काम होतं, बोटीवर जायच्या बोर्डाला मात्र कोटिंग मारलं. सिरीयल पोर्ट डीफॉल्ट ब्लूटूथला दिलेला असतो, तो पिनांवर आणायला कॉन्फिग फाइलमध्ये ब्लूटूथ बंद करणारी ओळ लागते. कार्डाचा खाचा शंभरदा काढ-घाल करण्यासाठी नाही, म्हणून मी आधी एक छोटा लोडर लिहिला, जो नवा कर्नल सिरीयलवरूनच घेतो. ११५२०० बॉडला ४० केबीचा कर्नल साडेतीन सेकंदांत जातो. इंटरप्टसाठी, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांसाठी, यात एआरएमचा जीआयसी-४०० कंट्रोलर आहे. पाय ३ मध्ये तो नाही. इथे शिकलेलं दुसऱ्या एआरएम बोर्डांवरही चालतं, हे मला मोठं वाटतं.

पाय ५ घ्यावा का, असं पुतणीनं विचारलं. त्याच्या जीपीआयओ पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर आहेत, आणि ती चिप पीसीआय एक्सप्रेसच्या पलीकडे बसते. डीबगसाठी तीन पिनांचा वेगळा सिरीयल जोड दिला आहे, तो चांगला आहे. पण बाकीच्या पिनांपर्यंत पोचायचं तर मधला पूल आधी समजून घ्यावा लागतो. तिला मी ४ च घ्यायला सांगितलं, २ जीबीचा.

पेटी आता बोटीवर आहे. वीज दिल्यापासून पहिली जीपीएसची ओळ पकडेपर्यंत दोन सेकंद होत नाहीत, आणि स्टार्टर मारल्यावर ती लगेच उभी राहते. कार्डावर लिहिण्याचा ड्रायव्हर अजून पुरा झालेला नाही, म्हणून सध्या शेवटच्या नोंदी रॅममध्ये ठेवतो आणि तांडेल धक्क्याला लागला की वीज बंद करायच्या आधी लॅपटॉप जोडून उतरवून घेतो. परवा त्यानं वहीत तीन जागा खुणा करून नेल्या. कार्डाच्या कंट्रोलरचा पत्ताही त्याच चौथ्या नोंदीत येतो, त्यामुळे तिथे नवं काही करावं लागणार नाही. बाकीचं काम येत्या बंदीत करीन.